दळवीकाकांचा खड्डा

माझ्या वडिलांचा उजवा पाय गणेशोत्सवाच्या स्टेजसाठी कामी आला. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, त्यांनी मंडळासाठी श्रमदान केलं असेल, बांबू वगैरे उचलले असतील. आप्पांनी त्या मंडळाला वर्गणीपलीकडे कधी काही दिलं नाही, आणि तीही कुरकुरत. पण मंडळाने त्यांच्याकडून पाय घेतला आणि त्याची पावतीसुद्धा दिली नाही.

अंबरनाथ पूर्वेला, पालेगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे आमची बैठ्या घरांची आळी होती. मागे शेतं, पुढे कारखान्यांची धुराडी, आणि मधे आम्ही, म्हणजे धड गाव नाही आणि धड शहर नाही अशा जागी राहून दोन्हींचा अभिमान बाळगणारी माणसं. आप्पा एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होते. कंपनीचा भोंगा वाजला की आई तवा ठेवायची. आमच्या घरात घड्याळ होतं, पण त्याचं मत कुणी विचारत नसे. आई साताऱ्याकडची. तिच्या हातची ज्वारीची भाकरी थापताना जो आवाज व्हायचा तो शेजारच्या घरात स्पष्ट ऐकू जायचा. त्या घरातून आंबोळ्यांच्या पिठाचा आंबूस वास आमच्याकडे यायचा. ते घर दळवीकाकांचं. ते राजापूरकडचे. दोन्ही घरांमध्ये एक बोळ होती, अख्ख्या आळीची जाण्यायेण्याची वाट. भाकरी त्या बोळीतून तिकडे जायची आणि आंबोळी इकडे यायची. आपलंच जेवण खरं जेवण, असं दोन्ही घरं मनातून समजत असत.

दळवीकाकांचा सिमेंटच्या जाळ्या आणि कुंड्या बनवण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे अंगणातले काही साचे आणि एक हौद. शिवाय ते आळीच्या मंडळाचे अध्यक्ष होते. निवडणूक कधी झाली ते कुणाला आठवत नव्हतं, पण स्पीकर त्यांच्या घरी ठेवलेला असायचा, तेव्हा दुसरं कोण होणार? आप्पांची आणि त्यांची गाढ दोस्ती. सुटीच्या दिवशी दोघं मलंगगडाच्या बाजूला डोंगर चढायला जायचे. आप्पा वरपर्यंत जायचे, काका अर्ध्या वाटेवर एखाद्या झाडाखाली बसून भजी खायचे आणि संध्याकाळी आळीत डोंगराचं वर्णन मात्र तेच करायचे. आप्पा त्यांना दळव्या म्हणायचे, ते आप्पांना मान्या. आमचं आडनाव माने.

त्या वर्षी काकांनी घरावर मजला चढवायला घेतला. परवानगी हा शब्द तेव्हा आमच्या आळीत कुणी वापरत नसे. मजल्याबरोबर सेप्टिक टँक आला आणि टँकसाठी खड्डा आला. तो अर्धा काकांच्या हद्दीत होता आणि अर्धा बोळीत. उरलेल्या अर्ध्या बोळीतून आम्ही अंग चोरून जायला लागलो. मग पावसाने काम थांबलं. कमरेइतका खणलेला खड्डा तसाच राहिला, तळाशी दगडांचा ढीग घेऊन. आईने एकदा काकांना हटकलं.

"भावजी, त्या खड्ड्यावर काहीतरी टाका हो. पोरंबाळं जातात येतात."

"वहिनी, जाड फळ्या टाकल्यात," काका म्हणाले. "वरून हत्ती गेला तरी काय होणार नाय."

हत्ती काही गेला नाही, पण गणपती आले. मंडळाच्या स्टेजला फळ्या कमी पडल्या आणि अध्यक्षांनी मोठ्या मनाने स्वतःच्या खड्ड्यावरच्या काढून दिल्या. रात्रभर पाऊस झाला. सकाळी खड्डा काठोकाठ भरून रस्त्यावरच्या इतर डबक्यांसारखाच दिसत होता. आप्पा रातपाळी करून, वाटेत घेतलेला पेपर उघडून वाचत बोळीत शिरले. फळ्या गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे डबकं समजून त्यांनी त्यात निर्धास्त पाय टाकला.

तो आवाज मला अजून आठवतो. ते ओरडले नाहीत. पाणी उसळल्याचा आवाज आला आणि मग आप्पा अगदी शांतपणे म्हणाले, "अगं, जरा ये बाहेर." आई कणकेच्या हातांनीच धावली. दळवीकाका बनियनवर आले, खड्ड्यात उतरले आणि आप्पांना त्यांनी एकट्याने उचलून बाहेर काढलं. माल न्यायचा स्वतःचा टेम्पो काढून दवाखान्यातही त्यांनीच नेलं. हे सांगायलाच हवं. त्या सकाळी काका शेजारी म्हणून वागले. प्रतिवादी ते नंतर झाले.

घोट्यापाशी हाडाचे तुकडे झाले होते. ऑपरेशन झालं, प्लास्टर आलं, प्लास्टर निघालं, पण पाय पूर्वीचा राहिला नाही. कंपनीत आप्पांना प्लांटच्या शिड्या चढता येईनात, म्हणून त्यांना स्टोअरमध्ये खुर्ची दिली. सगळ्यांनी अभिनंदन केलं, कारण आपल्याकडे बसून काम म्हणजे बढती. आप्पा घरी येऊन त्या खुर्चीबद्दल एक शब्द बोलत नसत. सुटीच्या दिवशी ते ओट्यावर बसून मलंगगडाकडे बघायचे आणि कुणी विचारलं तर हवा बघतोय म्हणायचे.

आळीने मात्र या घटनेचा फार पटकन निकाल लावला. देवाच्या कार्यात असं व्हायचंच, असं मंडळाचं म्हणणं पडलं. काही बायका म्हणाल्या की मान्यांनी वर्गणी हसत दिली असती तर बरं झालं असतं. काका पहिल्यांदा गप्प होते. मग हळूहळू, चार माणसांत, ते म्हणू लागले, "आता पेपर वाचत चालल्यावर काय होणार? शिकलेली माणसं. आपण काय बोलणार?" हे आप्पांच्या कानावर आलं. पाय मोडल्यावर न ओरडलेला हा माणूस ते ऐकून जेवणाच्या ताटावरून उठला.

मी तेव्हा उल्हासनगरच्या लॉ कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. घरात वकील होणारी मुलगी असणं म्हणजे घरात डॉक्टर होणारा मुलगा असण्यासारखंच. अर्धवट ज्ञानावर लोक आपला जीव सोपवतात. मी आईला घेऊन पोलीस चौकीत गेले. हवालदार जुने होते, सज्जन होते आणि चहा पीत होते.

"दळवींनी ढकललं का तुमच्या वडिलांना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग खड्डा काय यांना पाडायला खणला होता?"

"नाही. पण निष्काळजीपणाने कुणाला जबर दुखापत झाली तर तोही गुन्हा आहे," मी म्हणाले. कलमाचा आकडाही सांगितला.

हवालदारांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "कलम आहे ना, बाई. कलमं भरपूर आहेत. पण दळवीसाहेब अध्यक्ष माणूस. उद्या शिवजयंतीच्या मिरवणुकीचा बंदोबस्त. तुम्ही असं करा, हे दिवाणी आहे, दिवाणीत जा." अशा रीतीने ते कलम पुस्तकात होतं तसंच अंगाला धक्का न लागता राहिलं. आजही माझ्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी कुणाच्या जागेत स्कूटर लावली तरी 'हा गुन्हा आहे' असा मेसेज येतो. खरा गुन्हा घेऊन चौकीत गेलात तर तो दिवाणी असतो, हे त्या भल्या माणसांना अजून कळायचंय.

माझी दुसरी युक्ती जास्त हुशार होती. काकांनी आईला शब्द दिला होता की फळ्या टाकल्यात. म्हणजे करार झाला, आणि फळ्या काढल्या म्हणजे करारभंग झाला. ही अक्कल घेऊन मी वाधवानी सरांकडे गेले. सर सकाळी आम्हाला शिकवायचे आणि दुपारी कोर्टात वकिली करायचे. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, एका कापडाच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. पक्षकार जिना चढताना दोन ठिकाणी 'आओ बहन, माल देखो' ऐकूनच वर पोचायचा.

सरांनी माझं सगळं बोलणं ऐकलं. "देख बेटा," ते म्हणाले, "त्या बोलण्याच्या बदल्यात तुझ्या आईने दळवीला काय दिलं?"

"काही नाही. भाकऱ्या देतो आम्ही अधूनमधून."

"भाकरी खड्ड्यासाठी दिली होती काय? नाही ना? फिर करार कसला? करार म्हणजे दोघांनी मर्जीने मारलेली गाठ. तू मला देणार, मी तुला देणार. इथे गाठ नाही." मग त्यांनी खिडकी उघडली आणि खालच्या बाजाराकडे बोट केलं. "आणि गुन्हा म्हणजे सगळ्या समाजाचं भांडण. सरकार लढतं, माणूस आत जातो, तुझ्या वडिलांच्या हातात काय येतं? घंटा. पण तिसरी चीज आहे. टॉर्ट. तू मागच्या वर्षी पास झालीस त्यात, माझ्या मेहेरबानीने. दळवीने तुझ्या बापाशी काही ठरवलं नव्हतं, त्याला मारायचंही नव्हतं. तरी तो बांधलेला आहे. कोणाशी? जो जो त्या बोळीतून जाणार, त्या प्रत्येकाशी. ही जबाबदारी त्याने घेतली नाही, कायद्याने त्याच्या गळ्यात टाकली. आपण रस्त्याला खड्डा केला तर त्यात दुसऱ्याचा पाय जाणार, एवढं ज्याला समजायला पाहिजे, त्याने झाकायला पाहिजे. नाही झाकला, पाय गेला, तर भरपाई."

मी घरी येऊन आईला सांगितलं की आपली केस टॉर्टची आहे. "तोटा?" आई म्हणाली. "तो तर झालाच आहे की." मी तिला म्हटलं, तोटा झाला म्हणजे टॉर्ट होतोच असं नाही. सरांचं उदाहरण सांगितलं. कॅम्पात एकाच्या दुकानासमोर दुसऱ्याने तोच माल स्वस्तात विकायला काढला आणि पहिल्याचं दुकान बसलं, तर त्याचा तोटा पुरेपूर झाला, पण त्याचा कुठला हक्क मोडला नाही, म्हणून दावा नाही. उलट, कुणी न विचारता आपल्या अंगणात येऊन नुसता उभा राहून गेला तर आपलं काही बिघडलं नाही, तरी हक्क मोडला, म्हणून दावा होतो. आई थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली. "म्हणजे बुडालेल्याला काही नाही, आणि ज्याचं काहीच गेलं नाही त्याला कोर्ट," ती म्हणाली. "हे शिकायला तू बसभाडं खर्चतेस होय?" मराठी पुस्तकात याला अपकृत्य म्हणतात, असंही मी तिला सांगितलं. ते ऐकून तिने देवाकडे पाहून हात जोडले, कारण हा शब्द तिला काहीतरी अचकट विचकट वाटला.

आप्पा दाव्याला तयार नव्हते. "मला त्याचे पैसे नकोत," ते म्हणायचे. "त्याने एकदा येऊन म्हणावं, मान्या, चुकलं माझं. झालं." मी सरांना विचारलं, तशी मागणी करता येईल का? सर हसले. "बेटा, कोर्ट पैसे देऊ शकतं, मनाई देऊ शकतं. 'चुकलं' हा शब्द कोर्टाकडे स्टॉकमध्ये नाही." मग पुन्हा कुणीतरी येऊन आप्पांना सांगितलं की दळवी आता म्हणतात, माने मुद्दाम लंगडतात. दुसऱ्या दिवशी आप्पांनी वकीलपत्रावर सही केली.

नोटीस गेली आणि काकांनीही वकील केला. त्या वकिलाने त्यांना पहिला सल्ला काय दिला, तो काकूंनी नंतर आईला रडत सांगितला. मान्यांच्या पायाची चौकशी करायची नाही. कसा आहे पाय, दुखतो का, असं एकदा जरी विचारलं, तरी ती कबुली धरली जाईल. काकांनी हा सल्ला एखाद्या व्रतासारखा पाळला. बोळीत समोरासमोर आले की ते आप्पांच्या कमरेच्या खाली पाहायचेच नाहीत, आकाशाकडे बघत जायचे. ज्या बोळीत न बघता चालल्याचा त्यांचा आमच्यावर आरोप होता, त्याच बोळीत. मी पुढे कित्येक वर्षं वकिली केली आणि असा सल्ला मीही पक्षकारांना दिला. कायद्याने तो चुकीचा नसतो.

काकूंना मात्र कुणी वकील नव्हता. दाव्याची तारीख असली की सकाळी आंबोळ्या यायच्या, सोबत काळ्या वाटाण्याचं सांबार. वादीला उपाशीपोटी कोर्टात पाठवायचं नाही, असा त्यांचा कायदा होता. आईही मग हट्टाने भाकरी आणि मिरचीचा ठेचा पाठवायची. त्या काळात दोन्ही घरांतली माणसं एकमेकांच्या अन्नावर पोसून एकमेकांविरुद्ध लढत होती. बाजारात या दोघी कोपऱ्यावर भेटून बोलायच्या आणि आळीतलं कुणी दिसलं की लगेच तोंड फिरवायच्या. तारखांबद्दल लिहीत नाही. ज्यांनी कोर्ट पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना खरं वाटणार नाही. मी पास झाले, सनद घेतली आणि काळा कोट घालून सरांच्या मागे उभी राहू लागले, तेव्हा कुठे साक्षी सुरू झाल्या.

काकांच्या कैफियतीत दोन गोष्टी होत्या. एक, फळ्या मंडळाच्या पोरांनी परस्पर नेल्या, दळवींना ठाऊक नव्हतं. दुसरी, वादी पेपर वाचत चालत होते, तेव्हा चूक त्यांचीच. सरांनी आप्पांना बजावलं होतं, पेपर काखेत होता म्हणा, घडी केलेला होता म्हणा. मीही रात्रीच्या जेवणाला बसले की हेच म्हणायचे. पेपर पाहायला तिथे कुणीच नव्हतं. काकांनी तो पाण्यात भिजलेला पाहिला होता, एवढंच.

साक्षीच्या पिंजऱ्यात आप्पा काठी टेकून उभे राहिले. काकांचे वकील कागद चाळत सहज म्हणाले, "तुम्ही चालताना पेपर वाचत होता?"

"हो," आप्पा म्हणाले.

वकील दचकले. त्यांनी बहुधा यानंतरचे बरेच प्रश्न तयार करून आणले होते. "म्हणजे पेपर उघडा होता?"

"उघडाच होता. मिटलेला कसा वाचणार? मधलं पान वाचत होतो. समोर नीट बघितलं असतं तर कदाचित काठाची माती दिसली असती. पण साहेब, रोजची वाट होती. आपल्या दारातली."

सरांनी डोळे मिटून घेतले. मला भर कोर्टात रडू आलं, आणि ते रागाचं होतं हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. वाटेत मी आप्पांशी बोलले नाही. घरी आल्यावर म्हणाले, "केस घालवलीत तुम्ही." ते म्हणाले, "शपथ घेतली होती ना गं मी?" जणू कोर्टात शपथ घेणारे ते पहिलेच.

पुढच्या तारखेला काका पिंजऱ्यात आले. त्यांच्या वकिलांचा चेहरा जिंकल्यासारखा होता. सरांनी उलटतपासाला सुरुवात केली. त्यांच्याकडे फारसं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी सरळच विचारलं, "फळ्या कोणी काढल्या?"

काकांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. त्यांच्या वकिलांनी खाकरून पाहिलं. कारकुनाने मान वर केली.

"मी काढायला सांगितल्या," काका म्हणाले. "पोरं नको म्हणत होती. काका, खड्डा उघडा राहील म्हणाली. मी म्हटलं, एका रात्रीचा प्रश्न आहे, कोण पडतंय?" मग न विचारताच त्यांनी पुढे सांगितलं, "स्टेज मोठं दिसायला पाहिजे होतं. शेजारच्या मंडळापेक्षा."

आता दुसऱ्या वकिलांची डोळे मिटायची पाळी आली. दोन वकिलांनी वर्षानुवर्षं मेहनतीने उभी केलेली केस दोन पक्षकारांनी खरं बोलून पाडली. सर बाहेर आल्यावर म्हणाले, "ऐसे क्लाइंट रहेंगे तो हम लोग कॅम्पात समोसे विकणार."

निकाल लागला. खड्डा झाकणं दळवींचं कर्तव्य होतं, ते त्यांनी पाळलं नाही, म्हणून जबाबदारी त्यांची. पण वादीनेही स्वतःची पुरेशी काळजी घेतली नाही, म्हणून भरपाईतून त्याच्या वाट्याची चूक वजा. इतका नेमका न्याय मी पुढे क्वचितच पाहिला. गंमत म्हणजे तो न्यायाधीशांपेक्षा त्या दोन हट्टी म्हाताऱ्यांनीच लिहिला होता. काकांच्या वकिलांनी लगेच अपिलाची गोष्ट काढली. काका "बघू" म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून 'बघू' निघालं म्हणजे विषय मिटला, हे आळीत पोरांनाही ठाऊक होतं.

त्या दुपारी आम्ही अंबरनाथला उतरलो. मी रिक्षा बघायला लागले, तर आप्पा म्हणाले, चालतो. काका आमच्या थोडं पुढे होते. भराभर चालायची त्यांची सवय. नेहमी ते असेच पुढे निघून जायचे. पण कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपाशी ते थांबले. पान घेतलं नाही, नुसतेच उभे राहिले. आम्ही गाठेपर्यंत थांबून मग आप्पांच्या बाजूने चालू लागले. मी मागे राहिले. माझ्या हातात निकालाची फाइल होती आणि त्या क्षणी तिचा काही उपयोग नव्हता.

काठीचा आवाज येत होता. मग काकांनी पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, खाली आप्पांच्या पायाकडे पाहिलं.

"दुखतो काय रे, मान्या?"

मला वाटलं, आता आप्पा काहीतरी ऐकवणार. त्यांचा हक्कच होता, आणि तोही कोर्टाने मान्य केलेला.

"दुखतो," ते म्हणाले. "चढाला आता काही वाटत नाही. उताराला दुखतो."

पुढे आमच्या आळीकडे जाणारा उतार होता. काका आप्पांना वळसा घालून खालच्या अंगाला आले, आपला खांदा त्यांच्या हाताशी येईल असे, आणि पावलं लहान करून उतरू लागले.